उजवेकाकांचा होकार

उजवेकाकांचं आडनाव उजवे नव्हतं, पण हे लोकांना सांगून सांगून ते थकले होते. डाव्या कानाने त्यांना काडीचंही ऐकू येत नसे. म्हणून कुणी बोलायला लागलं की ते त्याचा दंड धरून त्याला दुसऱ्या अंगाला वळवून घेत आणि म्हणत, "उजवीकडून, उजवीकडून बोला." गल्लीने त्याचंच नाव करून टाकलं. पुढे पोस्टमनही 'श्री. उजवे' अशी पत्रं बिनदिक्कत आणून देऊ लागला, आणि तीही त्यांचीच असत.

घरात सगळी मांडणी त्या एका कानाभोवती होती. जेवायच्या टेबलाशी काकांची खुर्ची अशी लावलेली की डावा कान भिंतीकडे राहावा. उजव्या हाताला काकू, तिच्यापलीकडे लेक. भिंतीला काही बोलायचं असेल तर तिने खुशाल बोलावं, असं काकू म्हणे.

बहिऱ्या माणसाची एक पंचाईत असते, ती ज्याचे कान शाबूत आहेत त्याला कळायची नाही. पहिल्यांदा "काय?" विचारलं तर समोरचा परत सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं तर मोठ्याने सांगतो. तिसऱ्यांदा विचारलं की "जाऊ द्या" म्हणतो, आणि हे "जाऊ द्या" फार लागतं. काकांनी त्यावर तोड काढली होती. ऐकू आलं नाही की मान हलवायची आणि म्हणायचं, "हो हो, बरं." दहांतल्या नऊ वेळा एवढ्यावर भागतं, कारण लोक दहांतल्या नऊ वेळा काही महत्त्वाचं बोलतच नाहीत. दहाव्या वेळेचं मात्र निस्तरावं लागे. एकदा वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूने जिन्यात काहीतरी विचारलं, काका "हो हो, बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याची चार पिल्लं टोपलीत घालून तो दारात हजर. पंधरा दिवस सांभाळली. "मी ह्यांना सोडून निघाले म्हटलं तरी हे हो हो, बरं म्हणतील," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि सगळ्यांबरोबर काकाही हसत.

काकांचं दुकान भरती कार्यालयाच्या बरोबर समोर होतं. फोटो काढणं, कागदांच्या प्रती काढणं, अर्ज भरून देणं. भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद होता, त्याचं शीर्षक 'भरतीला जाण्यापूर्वी'. खाली काकांच्या सुबक अक्षरांत सतरा कलमं. किडका दात आधी भरून घ्या. चष्मा लपवू नका, लपत नाही. धावायच्या आदल्या दिवशी नवे बूट घालू नका. छाती फुगवून दाखवताना श्वास सोडू नका, हसू येईल असं काही आठवू नका. असं करत करत शेवटचं, सतरावं: 'सही म्हणजे शपथ नव्हे. शपथ होईपर्यंत केव्हाही परत फिरता येतं, कुणी कारण विचारत नाही. शपथेनंतर सात वर्षं फिरता येत नाही.'

आत कसं शिरायचं याच्या सगळ्या वाटा काकांना पाठ होत्या. आत गेल्यावर काय होतं, हे मात्र त्या कागदावर नव्हतं. कुणी विचारत नसे आणि काका सांगत नसत. क्वचित एखादी आई अर्जावर शाई वाळेपर्यंत रेंगाळे आणि म्हणे, "आणखी काही माहीत असायला हवं का हो?" काका म्हणत, "सतरावं नीट वाचा." मग तिची नजर त्यांच्या डाव्या कानाकडे जाई. लोंबणाऱ्या पाळीवर जुना व्रण होता. "लढाईत गेला," एवढंच ते म्हणत. पोरं आदराने बघत, आई गप्प बसे. खरं सांगायचं तर तो कान म्हणजे दुकानाची पाटीच होती.

लेक वीस वर्षांची होती. काकू तिला भिंगरी म्हणे, कारण ती एका जागी ठरत नसे. दुकानातलं प्रती काढायचं यंत्र अडलं की तीच उघडून दुरुस्त करायची, कोपरापर्यंत काळी होऊन. रोज पहाटे धावायला जायची. घरात लष्कराचा विषय निघत नसे. काका तो कानामागे टाकत, आणि त्यांच्या बाबतीत ते अगदी सोपं होतं.

त्या महिन्यात काकूने घर रंगवायला काढलं. भिंतींना हात लागू नये म्हणून टेबल खोलीच्या मध्यावर ओढलेलं होतं, खुर्च्या जमतील तशा ठेवलेल्या. काका जेवायला बसले तेव्हा लेक डाव्या बाजूला आली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. काकू आत होती. लेक ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली नव्हती. तिने सरळ विचारलं, तेही एका दमात, कारण असलं काही दुसऱ्यांदा विचारायची तिची छाती झाली नसती. काकांना डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे ओठ हलताना दिसले. घास तोंडात होता. त्यांनी मान हलवली.

"हो हो, बरं."

लेक उठली, त्यांच्या खांद्यावर तिने हात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. काकांना वाटलं, यंत्रासाठी नवा भाग मागवायचा म्हणत असेल.

त्यानंतर तीन आठवडे काकू त्यांच्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची आणि आत निघून जायची. काकांनी मनाशी धरलं की भिंतीचा रंग चुकला. हिरवट रंग त्यांनीच पसंत केला होता, आणि तो भिंतीवर बसल्यावर दवाखान्यासारखा दिसत होता हे त्यांनाही कबूल होतं. एकदा ते म्हणालेसुद्धा, "बदलून घेऊ की, त्यात काय एवढं." काकूने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढे बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. लेक मधल्या काळात दोनदा "परीक्षा आहे" म्हणून दिवसभर बाहेर होती. कसली, हे काकांनी विचारलं नाही. हल्लीची पोरं कसली ना कसली परीक्षा देतच असतात.

मग तो दिवस उजाडला. लेक सकाळी पिशवी घेऊन निघाली, "येते बाबा" म्हणाली, आणि दारात तिने उगीचच दोनदा वळून पाहिलं. एकच्या सुमारास समोरच्या कार्यालयातला शिपाई नेहमीसारखा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. आज चार वाजता शपथ घेणाऱ्यांची यादी, फोटोसकट, प्रत्येकी तीन प्रती. काकांनी कागद काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्रातून लेकीचा चेहरा बाहेर आला. मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा.

"अभिनंदन, काका!" शिपाई त्यांच्या उजवीकडे येऊन म्हणाला. "आम्हाला पत्ताच लागू दिला नाहीत! बापाचं रक्त आहे, दुसरं काय."

काकांनी यंत्र चालू ठेवूनच दुकानाचं दार ओढून घेतलं आणि घर गाठलं.

"आपली भिंगरी भरती झालीय," ते दारातूनच म्हणाले.

काकू भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "मला कशाला सांगताय? तुम्हीच तर हो म्हणालात."

"मी?"

"तुम्ही नाही तर कोण? रंगकाम चाललं होतं त्या दिवशी. तिने तुम्हाला विचारलं, बाबा, तुमचा कान गेला, सगळं सोसलंत, तरी पुन्हा वीस वर्षांचे झालात तर परत जाल का? तुम्ही हो म्हणालात. आत येऊन पोरगी माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा परत गेले असते, मग मी का नाही जायचं? मी काय बोलणार? मी तिथे होते थोडीच, लढाईत." काकूचा आवाज फाटला. "एका शब्दाने मला विचारलं असतंत. पोर काय तुमची एकट्याची आहे?"

काका भिंतीला टेकले. हिरवट रंग त्यांच्या सदऱ्याला लागला नाही, तो कधीच वाळला होता.

"मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

काकूने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग एकदम गळून पडला आणि त्या जागी भीती आली. "मग अजून चार वाजायचेत," ती म्हणाली. "तुमचं सतरावं. जा. जे काय सांगायचंय ते तिला सांगा. पळा."

कवायतीचं मैदान गावाबाहेर, तासाभराच्या चालीवर होतं. बसची वाट बघत उभं राहणं काकांना जमलं नाही, ते चालतच निघाले. वाटेत त्यांनी जन्मात पहिल्यांदा ते सगळं मनातल्या मनात ओळीने लावायला घेतलं, लेकीला सांगता यावं म्हणून.

लढाई झालीच नव्हती. भरती होऊन त्यांना दुसरं वर्ष लागलं होतं आणि तोफेचा सराव चालला होता. शत्रू शंभर कोसांत नव्हता. सरावाआधी कानांत कापूस घालायचा हुकूम असे, आणि जुनी मंडळी घालणाऱ्याची टर उडवीत: "काय रे, बाळंतीण आहेस का?" त्या दिवशी काकांनी घातलेला कापूस काढून खिशात टाकला. कुणी धाकदपटशा केला नव्हता. नुसते हसले होते. मग गोळा तोफेच्या नळीतच फुटला. शेजारच्या खाटेवर झोपणारा एक मित्र होता, डोक्याचा गोटा केलेला म्हणून सगळे त्याला गोट्या म्हणत. तो तोफेच्या जास्त जवळ होता. डॉक्टर यायला दोन तास लागले आणि गोट्या ते दोन्ही तास जिवंत होता. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांच्या दोन्ही कानांत तेव्हा नुसती शिटी वाजत होती, उजवा कान पुढे सुधारला. गोट्याचे ओठ हलत होते. तो काहीतरी विचारत होता. विचारत होता हे नक्की, कारण डोळे उत्तराची वाट बघत होते. पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. शेवटी काकांनी मान हलवली आणि म्हटलं, हो हो, बरं. गोट्या शांत झाला. थोड्या वेळाने गेला.

आपण कशाला हो म्हटलं, हे काकांना आजतागायत ठाऊक नव्हतं. आईकडे बघशील का, असं असेल. मी वाचेन ना, असंही असेल. नंतर साहेबांनी त्यांना गोट्याच्या घरी पाठवलं, काय सांगायचं ते पढवून: सीमेवर लढताना. काकांनी ते तसंच सांगितलं. त्या माउलीने त्यांच्याच कानावरच्या पट्टीवरून हात फिरवला आणि तुलाही फार लागलं का रे, असं विचारलं. तेव्हापासून कानही लढाईतच गेला. खोटं एकदा घरात घेतलं की ते जावयासारखं ठाण मांडून बसतं.

हे सांगायचं. सगळं सांगायचं. आणि मग म्हणायचं, नाही बाळा, मी परत गेलो नसतो, कधीच गेलो नसतो. काका हे वाक्य चालता चालता तोंडाने म्हणून बघत होते. समोरून येणारा सायकलवाला त्यांच्याकडे बघत गेला.

ते पोचले तेव्हा अडीच वाजले होते. कुणी अडवलं नाही, कुणी थांबवून ठेवलं नाही. साडेतीनपर्यंत नातेवाइकांना भेटायची मुभा होती आणि मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बाकं टाकलेली होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वेळ नव्हता असं काकांना पुढे कधी म्हणता येणार नव्हतं. चांगला तासभर वेळ होता.

लेक सात-आठ पोरींच्या घोळक्यात उभी होती. सगळ्यांच्या छातीवर नंबर लावलेले पांढरे सदरे, केस घट्ट बांधलेले. काकांना पाहताच ती धावत आली, आणि सवयीने वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली.

"आलात! मला वाटलंच होतं तुम्ही याल. आई?"

"घरी आहे," काका म्हणाले. "जरा बाजूला येतेस का? बोलायचंय."

"थांबा ना, आधी ह्या सगळ्यांना भेटा. अगं ए, हे माझे बाबा!" पोरी आल्या. एकीने ताठ उभं राहून त्यांना सलाम ठोकला, तो चुकला, म्हणून बाकीच्या खिदळल्या. "मी सांगितलं ना तुम्हाला," लेक म्हणाली, "ह्यांचा एक कान लढाईत गेलाय. आणि तरीसुद्धा परत गेले असते."

एक बारकीशी पोरगी, घोळक्यात सगळ्यांत घाबरलेली, पुढे आली. "खरंच काका? मला सकाळपासून वाटतंय की परत घरी जावं."

"सांगा ना तिला, बाबा," लेक म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता. "माझं ऐकत नाहीये. बाबा, पुन्हा वीस वर्षांचे झालात तर परत जाल ना?"

उजवीकडून विचारलं होतं. शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला. आठ पोरी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. वाक्य तयार होतं, तासभर घोकलेलं होतं, जिभेच्या टोकावर होतं. हे एवढं बोललं की लेकीची मान खाली जाणार होती, पोरी एकमेकींकडे बघणार होत्या, कुणीतरी हसणारही होतं. ज्या माणसाने वीस वर्षांचा असताना चार जण हसले म्हणून कानातला कापूस काढला, तो माणूस पन्नाशीत फार वेगळा झालेला नसतो. केस तेवढे पिकतात.

"हो," काका म्हणाले. "गेलो असतो."

बारक्या पोरीने सुटकेचा श्वास टाकला. लेकीने त्यांच्या दंडाला घट्ट मिठी मारली. "बोलायचं काय होतं तुम्हाला?"

"काही नाही. जपून राहा."

काका घरी परतले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. काकू दारातच उभी होती. तिने आधी त्यांच्या मागे, रस्त्यावर पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"सांगितलंत?"

काका आत येऊन खाली जमिनीवरच बसले आणि त्यांनी काकूला सगळं सांगितलं. तोफ, कापूस, गोट्या, गोट्याची आई. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सांगितलं, न थांबता, काही हातचं न राखता. वाटेत जसं ओळीने लावलं होतं तसंच ते सगळं आलं, एक शब्द चुकला नाही. काकू ऐकत होती. गोट्याच्या ओठांपाशी तिने तोंडावर पदर धरला.

"हे तिला सांगितलंत?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही."

"पोचायला उशीर झाला का?"

"नाही. वेळ होता. परत विचारलं तिने. सगळ्या पोरी होत्या तिथे. मी हो म्हणालो."

काकूने पदर नीट केला. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, मुलांना धडा समजावताना असतो तसा. "म्हणजे मी जे काही ऐकलं, ते तिने ऐकायचं होतं. मी ऐकून काय उपयोग? मी कुठे जातेय?"

काकांनी मान खाली घातली.

"शपथ घेताना तुम्ही तिथेच होतात?"

"होतो."

"मग काय केलंत?"

"सगळे टाळ्या वाजवत होते," काका म्हणाले. "मीही वाजवल्या."